ताईचं क्रीम, माझी कातडी

८ नोव्हेंबर, थोंग्यंग

आज सकाळी आईनं मला विचारलं, “बाई, तुमी कुनाकडच्या?” मी म्हटलं, तुझ्याकडचीच. परक्या माणसाकडं बघून हसतात तशी ती हसली आणि पेजेचा वाडगा माझ्याकडं सरकवला. “ही बारकीला ठिवा. बारकी आली न्हाई अजून.”

बारकी म्हणजे मीच. वय सेहेचाळीस, इंचॉनच्या एका बस कंपनीत हिशेबनीस, सध्या बिनपगारी रजेवर. आईच्या डोक्यातली बारकी मात्र आठ-नऊ वर्षांची आहे आणि दप्तर घेऊन कुठंतरी रेंगाळते आहे. त्या पोरीसाठी आई उपाशी बसायला तयार आहे, समोर बसलेल्या माझ्या हातचा एक घास घ्यायला तयार नाही. स्वतःचाच हेवा वाटायची पाळी यावी, याला काय म्हणायचं? चांगलीच जिरली माझी.

ताईला जाऊन दोन आठवडे उलटले. दुकानात वरच्या फळीवरची खोकी काढता काढता ती खाली बसली आणि उठलीच नाही. डोक्यातली शीर फुटली, असं डॉक्टर म्हणाले. तोवर आईला खाऊ घालणं, न्हाऊ घालणं, औषधं देणं सगळं तीच करायची, वर बाजाराच्या तोंडाशी क्रीम-पावडरीचं दुकान चालवायची. मी सणाला यायची, सफरचंदांची पेटी ठेवायची, दुसऱ्या दिवशी परत. आईला गुमही, म्हणजे ताईच, लागते यात नवल नाही. मला त्याचं वाईटही वाटत नव्हतं, आता वाटतं.

मावशी म्हणाली, “एकोनपन्नासाव्यापतूर बघू. तवर जेवाय लागली तर ठीक. न्हाईतर म्हाताऱ्या मानसांच्या दवाखान्यात न्हेऊन ठिवायची, तिथं नळीनं का हुईना, पोटात घालत्यात.” मावशी आईची धाकटी बहीण. बाजारात तिचा कालवांचा गाळा आहे, आणि कालवं फोडता फोडता बोलावं तशी ती कायम बोलते. ताई गेल्यापासूनचा एकोणपन्नासावा दिवस नऊ डिसेंबरला येतो. त्या दिवशी मेलेलं माणूस या घरातून कायमचं निघतं. आता बहुतेक दोघी निघणार.

११ नोव्हेंबर

काल दिवसभरात एक पिकलेलं पर्सिमॉन, आज तेही नाही. कालवांची पेज केली, शेवाळाचं सूप केलं, शेजारच्या बाईनं तिळाची पेज दिली. सगळ्याला एकच उत्तर, “बारकीला ठिवा.” फ्रीजमध्ये बारकीसाठी इतकं अन्न साठलंय की ती खरंच आली तर बसून महिनाभर खाईल.

आईचं मनगट धरलं की माझी बोटं एकमेकांना भिडतात.

१३ नोव्हेंबर

आज ती जेवली. वाडगा चाटूनपुसून जेवली. नीट लिहून ठेवते, कारण हे पुन्हा घडायला हवंय.

इथं थंडीत उबेसाठी खालून फरशी तापवली की हवा अशी कोरडी होते की माझा चेहरा बोंबलासारखा वाळतो. इंचॉनहून आणलेली डबी संपली होती. न्हाणीघरात ताईची अख्खी रांग तशीच उभी आहे, तिला हात लावायची आजवर हिंमत झाली नव्हती. आज गाल इतके ओढले होते की शेवटची डबी उघडली. पाइनच्या पानांचा आणि कापराचा वास. ताई बाजूला येऊन उभी राहिली की यायचा तोच. लावलं आणि आरशात बघितलं तर क्षणभर मला मी दिसलेच नाही.

ताईची कातडी तेलकट. शाळेत असताना म्हणायची, माझ्या नाकावर मासा तळा, वेगळं तेल घालावं लागणार नाही. त्या नाकाच्या रागातूनच ती या धंद्यात शिरली, आणि पुढं बाजारातल्या प्रत्येक बाईला धरून सांगत सुटली, आधी आपली कातडी ओळखा आणि मग बाटली उचला. तेलकट असेल तर हे, कोरडी असेल तर ते, कपाळ तेलकट नि गाल कोरडे असतील तर दोन्हीकडं दोन. मला हे सगळं थोतांड वाटायचं. मला एका डबीत सगळं भागत होतं.

तर क्रीम लावून पेज घेऊन गेले. आईनं मान वळवली, हवा हुंगली, आणि माझी हनुवटी धरली. “गुमही, आलीस व्हय?”

नाही म्हणायला हवं होतं. तोंडातून आलं, “आले.”

“बारकी?”

मी इतकी दमले होते! म्हटलं, “बारकी जेवली. जेवून झोपलीसुद्धा. आता तू खा.”

आणि ती खायला लागली. वाडगा संपल्यावर तिनं आणखी आहे का विचारलं. मी मोरीपाशी उभी राहून रडले, आनंदानं की कशानं ते मला सांगता येणार नाही. एवढ्याशा डबीत एवढी ताकद असेल असं वाटलं नव्हतं.

१४ नोव्हेंबर

नुसत्या क्रीमवर विसंबायचं नाही असं ठरवलं. ताईची सगळी रांग लावायची. आधी तेलानं मेकअप काढायचा (मी करत नाही, तरी), मग फेसाचा साबण, मग झोंबणारं टोनर, मग सिरम, मग ते पाण्यासारखं जेल, शेवटी क्रीम. टोनर कापसानं नाही, हाताच्या तळव्यानं थापटून लावायचं. ताई लावायची तेव्हा घरभर ऐकू यायचं. मी थापटायला लागले आणि माझे हात आपोआप तिच्या तालावर पडायला लागले. मी कधी शिकले हे?

गाल चुणचुणले. आईनं जेवताना बारकीची चौकशी केली, मी कालचंच सांगितलं, ती जेवली. झकास.

१८ नोव्हेंबर

मावशी पोती घेऊन आली, ताईच्या वस्तू भरायला. एकोणपन्नासाव्याला देवळामागं जाळायच्या. कपडे, चपला, उशी सगळं भरलं. मग ती न्हाणीघरात शिरली.

“हितल्या बाटल्या कुटं ग्येल्या?”

“मी टाकून दिल्या.”

“मला न इचारता?” तिनं माझ्याकडं बघितलं. “योनशिल, मेलेल्या मानसाच्या वस्तू मागं ऱ्हायल्या तर मानूस घुटमळतं. त्याला वाट गावत न्हाई. तुजं शिक्षान झालंय, तुला हसू यील, पर म्या बघितलंय.”

मला हसू आलं नाही. बाटल्या मी कोबीच्या लोणच्याच्या, किमचीच्या फ्रीजमागं लपवल्या होत्या आणि ती त्याच फ्रीजला टेकून उभी होती. ती गेल्यावर मी त्या परत मांडल्या, ताई मांडायची त्याच क्रमानं.

२० नोव्हेंबर

उजाडायच्या सुमारास न्हाणीघरातून आवाज आला. थप थप थप. आधी गाल, मग कपाळ, मग मान. ऐकूनच कळतं, ताईच्या थापा अशाच पडायच्या. मी पांघरुणात गोठून पडले. उठून दार उघडावं एवढं धैर्य माझ्यात नाही, हे इथं लिहायला लाज वाटत नाही.

आवाज थांबल्यावर बऱ्याच वेळानं आईच्या खोलीत डोकावले. ती भिंतीकडं तोंड करून गादीवर पडली होती. तिच्या सदऱ्याचा गळा ओला लागला. पाणी पिताना सांडलं असेल. बदलला.

मग आंघोळीला गेले तर क्रीमच्या डबीत बोटांचा खळगा. मी क्रीम त्यातल्या चमच्यानं काढते, बोट घालत नाही, ताईही घालायची नाही. पण मेल्यावर माणसाच्या सवयी बदलत असतील तर मला काय माहीत? हळूच म्हटलं, ताई, घे बाई, तुझंच आहे. पण थोडं शिल्लक ठेव, आईला जेवू घालायचंय.

आईचं कपाळ आज चकाकत होतं. फरशी फार तापते आहे, उष्णता कमी करायला हवी.

२३ नोव्हेंबर

दुकानात गेले होते. पिलसुनबाई ताईबरोबर काम करायच्या, सध्या त्याच दुकान उघडतात. सिरम संपत आलं होतं, तेच पुन्हा घ्यायला गेले. गाल झाकायला लावलेला माझा मास्क त्यांनी खाली ओढला आणि म्हणाल्या, “अगं बया! गालाला काय झालं? वणवा लागलाय की!”

मग त्यांनी मला मागच्या मोरीवर तोंड धुवायला लावलं आणि काही न लावता स्टुलावर बसवून ठेवलं. बार्लीचा चहा दिला. चहा संपून गार झालेला कपही त्यांनी नेला, तेव्हा कुठं एक पातळ कागद माझ्या नाकावर, कपाळावर, हनुवटीवर दाबला आणि उजेडात धरला.

“बघ. तेलाचा टिपूस न्हाई. गुमहीचा कागद तर काचंगत आरपार दिसायचा. तुजी कातडी कोरडी, वर पातळ. आनि तू लावतीयास काय, तर तेल खरवडून काढायचं सामान. जे मुळातच न्हाई त्ये खरवडून काय निगनार? कातडीच.” त्यांनी एक बिनवासाची डबी पुढं केली. “सकाळी साबन न्हाई, नुसतं पानी. तोंड वलं हाय तवरच ही जाड क्रीम. भाईर पडताना उनाचं क्रीम. बास, दुसरं काय बी न्हाई.”

मी म्हटलं, “मला ताईचंच आवडतं.”

“मिरचीपूड आवडती म्हनून डोळ्यात घालशील?”

त्यांना काय सांगणार? की ताईच्या वासाशिवाय माझी आई मला बाई म्हणते? दोन्ही डब्या घेऊन आले.

२५ नोव्हेंबर

आज पिलसुनबाईंचं ऐकून बघितलं. नुसतं पाणी, जाड क्रीम. चेहऱ्याला काय सुख वाटलं! दुपारपर्यंत जळजळ थांबली, आरशातही मीच होते, जरा सुजलेली पण मी.

पेज घेऊन आईपुढं बसले. ती बघत राहिली. “बारकी कुटाय?” मी तर आज ताई नव्हते, ताईचं बोलणं कुठल्या तोंडानं बोलू? गप्प राहिले. तिनं वाडगा सरकवला.

संध्याकाळी पुन्हा तेच. झालं माझं सुख. वास नाही तर जेवण नाही, हे आता सिद्ध झालं.

२७ नोव्हेंबर

ताईची रांग परत सुरू. शिवाय कपाटाच्या तळाशी मेलेली कातडी काढायचे, पीलिंगचे ओले पॅड सापडले, तेही आता लावते. लावल्यावर चेहरा असा झोंबतो की डोळ्यांतून पाणी येतं, पण वासही दुप्पट येतो. जेवताना आईनं नेहमीचं विचारलं, मी नेहमीचं सांगितलं, बारकी जेवली, अंगणात खेळते आहे, तू खा. जेवली. भाताचे चार घास जास्तच घेतले. म्हणजे पॅडांचा उपयोग होतो.

पहाटेचा आवाज रोज येतो. मी आता कान झाकून घेते. ताईला जाता येत नाहीये आणि ते माझ्यामुळं, हे मला कळतं. पण ताई, तू गेलीस तर आई कुणाच्या हातचं खाईल? थांब थोडी. मी तुला असं अडवून ठेवलंय, याचा राग आलाय का तुला? म्हणूनच माझा चेहरा जाळते आहेस?

३० नोव्हेंबर

आज वर्षाची किमची घातली. मावशी, पिलसुनबाई, शेजारच्या दोघी, अंगणात खारवलेल्या कोबीचा डोंगर. आईला सतरंजीवर बसवलं. नावं विसरली तरी तिचे हात विसरलेले नाहीत, एकेक पान उलगडून त्यात ती लाल मसाला असा भरत होती की शेजारणी बघत राहिल्या.

“आक्का, जरा सावकाश, आमची लाज काडतीयास,” मावशी म्हणाली. आई खुश झाली.

मग मावशीनं लाल हातांनीच माझा मास्क उतरवला. “ह्ये काय करून घेतलंयस?”

आईच मध्ये बोलली, “गुमहीला काय बोलू नगंस. ती दिसभर राबती.”

मावशीच्या हातातला कोबी तसाच राहिला. ती जवळ आली, वास घेतला. ओळखलाच तिनं. मला वाटलं आता सगळ्यांसमोर माझी शोभा होणार. पण ती खालच्या आवाजात म्हणाली, “एक पोरगी मातीत ग्येली. दुसरी जित्तेपनी तिच्यात चाललीय. आक्का उद्या न्हाई ऱ्हायली, तर म्या कुनाच्या दाराला जाऊ गं?” आणि दंडानं डोळे पुसायला गेली तर मिरची लागली. मग सगळ्याच हसल्या. मलाही हसू आलं, आणि हसताना गाल फाटल्यासारखे दुखले.

जेवताना रीत म्हणून ताजा मसाला भरलेल्या कोबीच्या पानात उकडलेलं मांस गुंडाळून एकमेकींच्या तोंडात भरवतात. आईला मावशीनं भरवलं. आईनंही एक पान छान गुंडाळलं, मला वाटलं मला देणार, मी तोंड उघडायच्या बेतात होते. तिनं ते हळूच स्वतःच्या जाकिटाच्या खिशात घातलं.

रात्री जाकीट धुताना खिसा खरवडत बसले. लाल डाग निघाला नाही. आईवर फार चिडले होते, इतकं लपवून कुणासाठी ठेवायचं?

४ डिसेंबर

मी आज फार वाईट वागले.

सकाळी सगळं दोनदा लावलं. साबण दोनदा, पॅड दोनदा, क्रीम तर माखलंच. हनुवटीपाशी कातडी चिरली आहे, तिथून पाणी येतं. मावशी आली होती, तिच्यापुढं आई जेवलेली दिसावी, दवाखान्याचं बोलणं निघू नये, एवढंच माझ्या मनात. आईपुढं पहिला चमचा धरला.

“बारकी जेवली का?”

रोज, रोज, तीच बारकी! चेहऱ्याची आग, पहाटेचा आवाज, आणि जिच्यासाठी मी कातडी सोलून घेते ती विचारते कुणाला, तर दप्तरातल्या त्या कार्टीला. मी ओरडले, “कुठली बारकी? नाही कुणी बारकी! मेली ती!”

आईनं माझ्या हातातला चमचा घेऊन खाली ठेवला. रडली नाही. नुसती माझ्याकडं बघत राहिली, आणि मग तिचे हात मांडीवर असे पडले की बघवेना. मावशी म्हणाली, “योनशिल, भाईर जा.”

मी बाहेर गेले. संध्याकाळी पाया पडले, माफी मागितली. गुमही म्हणूनच मागितली, योनशिलची माफी तिला कळली नसती.

७ डिसेंबर

त्या दिवसापासून आईनं अन्नाला तोंड लावलेलं नाही. सकाळपासून उंबऱ्याशी जाऊन बसते, थंडीत, एक चप्पल हातात घेऊन. आत आणलं की पुन्हा जाते.

कारण मला माहीत आहे. क्रीमची डबी संपत आली आहे आणि वास विरत चाललाय. तळाचं खरवडून लावते. पहाटेच्या थापाही थांबल्या. ताई निघाली असावी. माझ्या त्या बोलण्यानंच गेली असेल.

आरसा मी टॉवेलनं झाकला आहे. डोळे सुजून फटींसारखे झालेत, गालांवर लाल चट्टे, कानामागंही, मानेवरही. चेहऱ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, आता काहीही लावायचं नाही, हे एक मलम सोडून. वास? मलमाला कसलाच वास नाही.

मावशीनं दवाखान्याचं पक्कं केलं. दहा तारखेला सकाळी गाडी येणार. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

९ डिसेंबर

मिरुकच्या डोंगरावरच्या देवळात एकोणपन्नासावा झाला. घरी आईजवळ पिलसुनबाईंना ठेवून मावशी आणि मी गेलो. चेहऱ्याला पाणीसुद्धा सोसवत नाही, तोंडाला काही न लावताच गेले. ताईच्या बाटल्या पिशवीत घालून नेल्या होत्या. भिक्षूंना दाखवल्या, तर ते म्हणाले काच जळत नाही बाई, आतलं ओतून द्या, बाटल्या तुमच्या तुम्ही टाका. मी डोंगरावरच्या मातीत टोनर ओतलं, सिरम ओतलं. वास एकदम उसळला आणि वाऱ्यानं गेलासुद्धा.

ताईच्या फोटोपुढं आम्ही वाढलं. भात, सूप, भाजलेला मासा, पेअर, तिच्या आवडीची कालवांची भजी मावशीनं पहाटे उठून तळली होती. मेलेल्याला वाढतात तसा भातात चमचा उभा खोवला. मग सगळ्यांनी डोकं जमिनीला टेकवून थांबायचं, तिला निवांत जेवता यावं म्हणून. मावशी पुटपुटत होती, “खा गं बाई, सावकाश खा, तुला कदी बसून जेवाय मिळालं न्हाई.” मी डोकं वर करायच्या आधी खूप वेळ वाट बघितली. मग तिची उशी आणि कपडे जाळले. राखेपाशी उभी राहिले तर चेहऱ्याला आच लागली, मी मागं सरले नाही.

घरी आलो तेव्हा दुपार कलली होती. आई उंबऱ्याशीच होती. पिलसुनबाई म्हणाल्या, “पानी बी घ्येत न्हाई.” मावशी आत गेली आणि दवाखान्याची पिशवी भरायला लागली.

मी पेज गरम केली. खायची नाही हे ठाऊक होतं. वास नाही, ताई नाही, असला चेहरा. शेवटची म्हणून घेऊन गेले. आईजवळ उंबऱ्यावर बसले, वाडगा मांडीवर ठेवला.

आईनं वळून बघितलं. मग तिचा हात माझ्या गालावर आला. मी आगीनं कळवळले. तिनं हात काढला नाही, हलका केला फक्त. चट्ट्यांवरून, कानामागून, मानेवरून तिची बोटं फिरली, जणू तिला ठाऊक होतं पुढचा चट्टा कुठं असणार ते.

“पुन्यांदा उटलं व्हय गं?” ती म्हणाली. “थंडी सुरू झाली की उटतंच तुला. खाजवलंस ना? किती येळा सांगितलं, खाजवायचं न्हाई. नागदवन्याचा पाला उकळून आनती, त्या पान्यानं धुऊ. न्हानपनापासनं कातडीच अशी, फुकर मारली तरी लाल हुती.” मग तिचा आवाज चढला. “इतका येळ कुटं हुतीस, बारके?”

आत पिशवीची चेन ओढायचा आवाज थांबला.

“म्या दारात बसून बसून थकली. जेवलीस का?”

मी मान हलवली, नाही.

“मग! मला वाटलंच.” तिनं माझ्या मांडीवरचा वाडगा घेतला, चमचा भरला, फुंकर घातली आणि माझ्या तोंडापुढं धरला. मी खाल्लं. ओठांच्या चिरांना पेज झोंबत होती. ती आणखी भरवत राहिली, आणि मी रडत रडत खात राहिले, सेहेचाळीस वर्षांची बाई, उंबऱ्यावर, सगळ्या गल्लीसमोर. अर्धा वाडगा संपल्यावर मी तिच्या हातातला चमचा घेतला आणि तिच्या तोंडाशी नेला.

तिनं ओठ मिटून घेतले. गल्लीच्या टोकाकडं बघितलं.

“ऱ्हाऊ दे. गुमहीला ठिव. गुमही आली न्हाई अजून.”

मावशी दारात येऊन उभी होती. तिनं तोंडावर कमरेचं फडकं दाबलं. मी चमचा तसाच धरून बसले. इतके दिवस मी आईला काय खाऊ घालत होते, ते तेव्हा कुठं माझ्या डोक्यात शिरलं: वास नव्हे, ‘बारकी जेवली’ एवढे दोन शब्द.

“ताई जेवली, आई,” मी म्हटलं.

“कुटं?”

“देवळात. आम्हीच वाढलं तिला. मावशीनं कालवांची भजी केली होती.”

आईनं मावशीकडं बघितलं. मावशीनं मान हलवली.

“बसून जेवली का? का उभ्यानंच?”

“बसून. सावकाश.”

“पोटभर?”

“पोटभर.”

“मग आन हिकडं,” आई म्हणाली, आणि तोंड उघडलं.